पारिसाण्णांनी सोडलेला गूळ

काम झाल्यावर हात सगळेच मेकॅनिक धुतात. पारिसाण्णा काम सुरू करायच्या आधी धुवायचे. गॅरेजच्या दारात पाण्याची बारडी असायची आणि शेजारी करवंटीत राख. कोपरापर्यंत हात घासायचे, कशाला न पुसता वाऱ्यावर वाळवायचे आणि मगच मोटरीचं बॉनेट उघडायचे. "गाभाऱ्यात चाललाय जणू," असं मी एकदा त्यांना चिडवलं. तर म्हणाले, "देवाला हाताची धूळ चालतीया, म्हादबा. कारबेटरला चालत न्हाय."

मी तेव्हा बेळगाव-निपाणी सर्व्हिस मोटर, म्हणजे प्रवासी गाडी, चालवायचो. उचगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, सातवी पास, अंगात खाकी कोट आणि डोक्यात वारं. त्या रस्त्यावर माझ्यासारखा ड्रायव्हर नव्हता आणि पारिसाण्णांसारखा मेकॅनिक नव्हता. पहिल्या गोष्टीवर लोक वाद घालतील. दुसरीवर त्यांच्या वैऱ्यांनीही घातला नसता, आणि वैरी त्यांना पुष्कळ होते, कारण जीभ भलतीच फटकळ होती.

त्यांचं गॅरेज खासबागेत, विणकरांच्या वस्तीला लागून. दिवसभर मागांची खटखट चाललेली. त्या गोंगाटात ते इंजिनाला कान लावून बसायचे आणि चार सिलिंडरांपैकी कुठला रुसलाय ते बिनचूक सांगायचे. उंच, काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी. त्या टोपीवर तेलाचा डाग मी एवढ्या वर्षांत पाहिला नाही. मूळचे निपाणीकडच्या एका खेड्यातले जैन. घरची तंबाखूची शेती, तिन्ही भाऊ तंबाखूत, हे एकटेच मोटरींच्या नादी लागून बेळगावला आले. इंजिनाशी ते कानडीत बोलायचे आणि मालकाशी मराठीत. असं का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "मालकाला कळाय नको." बेळगावात कानडी न कळणारा मालक दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता, पण हे उत्तर ते दर वेळी तितक्याच गंभीरपणे द्यायचे.

त्यांच्या गॅरेजमध्ये जायचं म्हणजे माझी एक फजितीच असायची. कातड्याची वस्तू उंबऱ्याच्या आत आलेली त्यांना खपत नसे. माझा कमरेचा पट्टा मला दारातल्या लिंबाच्या फांदीवर अडकवावा लागे आणि मग एका हातानं पँट सावरत मी माझ्या मोटरीची तक्रार सांगत उभा राही. मोटरीच्या सीटाही कातड्याच्याच असत. तो मुद्दा मी काढलाच. "सीट गिऱ्हाइकाची हाय. मी तिच्यावर बसत न्हाय," ते म्हणाले. आणि खरोखरच ट्रायल घेताना ते सीटवर पोतं अंथरून बसत.

या कातड्याच्या सोवळ्यापायी त्यांनी धंद्यातली एक रीतच बदलली होती. त्या काळी पेट्रोल डब्यांतून यायचं, आणि डब्यात पेट्रोलाबरोबर गंज, माती, पाणी, काय वाटेल ते असायचं. बाकीच्या गॅरेजांत ते मऊ कातड्यातून गाळून घेत. पारिसाण्णा आपल्या घरी पिण्याचं पाणी जसं गाळत, तसं दुपदरी जाड कापडातून पेट्रोल गाळायचे. कापडात पाणी अडत नाही, म्हणून डबा रात्रभर हलवायचा नाही आणि तळाचं दोन बोटं पेट्रोल वापरायचं नाही, हा त्यांचा कायदा. जैन घरात पाणी गाळलं की गाळण्यावर राहिलेले बारीक जीव परत विहिरीत सोडतात. मी विचारलं, "अण्णा, पेट्रोलातले जीव परत कुठं सोडता?" माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पेट्रोलात जीव नस्तोय. गाडीत अस्तोय. म्हणून तर गाळायचं."

दुसरा कायदा जेवणाचा. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायलाच हवं. दारात मामलेदाराची मोटर उभी असो नाही तर खुद्द कलेक्टरची, ऊन लिंबाच्या शेंड्यावर गेलं की पाना खाली. "गाडी थांबंल. सूर्य थांबणार न्हाय," म्हणायचे आणि भाकरीचं फडकं सोडून बसायचे. थांबलेले लोक चडफडत, पण दुसरीकडे कुणी जात नसे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे गूळ. कोटाच्या आतल्या खिशात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा कायम असायचा. मोटर मनासारखी बोलायला लागली की ते डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकायचे, मग हात धुवायचे आणि गुळाचा तुकडा तोंडात टाकायचे. गिऱ्हाइकानं पैसे दिले की काम संपायचं नाही, अण्णांनी गूळ खाल्ला की संपायचं. मी तर मोटर तपासून घ्यायचीच सोडली होती. त्यांच्या गालात गूळ दिसला की स्टार्टर मारून सरळ निघायचो. एवढा एक शौक सोडला तर त्या माणसाला दुसरं काही नव्हतं. चहा नाही, पान नाही, आणि तंबाखूच्या घरात जन्मून तंबाखू नाही.

त्यांच्या डोक्याची चाल कशी होती ते सांगतो. कॅम्पात एक सारस्वत वकील होते, मासळीवर जीव टाकणारे. त्यांनी छोटी मोटर घेतली आणि कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं की मोठा कार्बोरेटर बसवला म्हणजे मोटर उडत जाते. आले गॅरेजात. म्हणाले, "पारिसाण्णा, बाजारात सगळ्यात मोठा असेल तो लावा."

"वकीलसाहेब," अण्णा म्हणाले, "तान्ह्या पोराला पाणी कशानं पाजतासा?"

"चमच्यानं."

"घागर तोंडाला लावून बघा की एकदा. पोर लौकर मोठं हुईल."

वकील कोर्टात साक्षीदारांना घाम फोडायचे, पण त्या दिवशी हसत हसत जुनाच कार्बोरेटर साफ करून घेऊन गेले. मोठ्या नळीतून थोडी हवा गेली तर ती सावकाश जाते आणि सावकाश हवेला पेट्रोल उचलत नाही. तेवढीच हवा बारीक नळीतून घातली की ती जोरात जाते आणि पेट्रोल ओढून नेते. ही गोष्ट अण्णांनी मला फुंकणी दाखवून शिकवली. "चुलीला तू तोंड वासून फुकतोस, का फुकणीतनं?" एवढंच विचारलं. मला कळलं.

येसबा भोई त्यांच्याकडे आला तो याच वकिलांच्या चिठ्ठीनं.

घटप्रभेवर धुपदाळला बंधारा आहे, आणि त्याच्यामागे अडलेलं पाणी लांबवर पसरलेलं आहे. येसबा तिथला नावाडी आणि मासेमार. कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला कायमचा परत गेला, तेव्हा आपली जुनी मोटरबोट येसबाला देऊन गेला. तिला एका मोडीत निघालेल्या मोटरीचं इंजिन बसवलेलं होतं. रविवारी बेळगावहून वकील, अंमलदार अशी हौशी मंडळी पेट्रोलचे डबे घेऊन यायची, येसबाच्या बोटीत बसून गळ टाकायची आणि त्याला मजुरी द्यायची. त्यांचा गळ आपल्या गळासारखा नाही. दोराला पितळी चकाकता चमचा बांधायचा, दोर मागे लांब सोडायचा आणि बोट अगदी हळूहळू चालवायची. चमचा पाण्यात मासोळीसारखा लुकलुकतो आणि मोठी मरळ त्याच्यावर झडप घालते. बोट भरभर नेली की चमचा वर येतो. थांबली की तळाशी जाऊन बुडालेल्या बाभळींत अडकतो. सगळा खेळ त्या हळू चालण्याचा.

आणि येसबाचं इंजिन नेमकं हळू चालायला तयार नव्हतं. जोरात छान पळायचं. हळू केलं की दोनदा खोकायचं आणि बंद पडायचं. आतापर्यंत येसबा इंजिन बंद करून वल्ही मारायचा, पण बंधाऱ्यावर दोर ओढताना पडून त्याचा उजवा खांदा कायमचा गेला होता. हात छातीच्या वर उचलत नव्हता.

तो आला तेव्हा मी गॅरेजात होतो, एका हातात पँट धरून. येसबानं बुट्टीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेला कार्बोरेटर काढला. मासे गुंडाळायचं ते फडकं. गॅरेजभर वास सुटला. अण्णा चार पावलं मागं सरले.

"ते भाईर ठेव. राखंनं धू. तीन डाव," ते म्हणाले. "मग बोल."

येसबानं निमूटपणे तीन वेळा धुतला, डाव्या हातानं. मग बोलला. सगळं ऐकून घेतल्यावर अण्णा म्हणाले, "माल वायायचा आसंल, माणसं ने-आण करायची असतील, तर आत्ता करून देतो. माशासाठी करणार न्हाय."

"अण्णा, मी वल्ही मारून मासं धरत हुतो, तवा वल्ही करणाऱ्या सुताराला कुणी पापी म्हणलं न्हाय."

"सुतार जैन नव्हता."

येसबाला हसू आलं नाही. तो खाली बसला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "साहेब लोक म्हणालेत, म्हयन्यात बोट हळू चालली तर ठीक, न्हायतर त्ये दुसरी बोट आणणार. मग ही इकायची आनि निपाणीला तंबाखूच्या वखारीत जायाचं. तितं एका हाताच्या माणसाला भुकटी चाळायला बसवत्यात म्हणं. माझा चुलता बसलता. दोन वर्सांत खोकून खोकून मेला."

वखारीचं नाव निघालं आणि अण्णांचा चेहरा उतरला. ती भुकटी आणि तो खोकला त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. घर त्याच्यावरच चाललं होतं. ते येसबाला म्हणाले, "तीन दिसांनी ये," आणि कार्बोरेटर तसाच बाहेर, माझ्या पट्ट्याशेजारी, फांदीला टांगून ठेवला.

ते तीन दिवस मी फेरी संपवून संध्याकाळी जायचो, तर ते त्या फांदीकडे बघत बसलेले. एकदा माझ्याशीच वाद घातल्यासारखं म्हणाले, "मोटर हळू चालली तर मासा गावतोय. माझ्या हातानं हळू चालंल, म्हंजे माझ्या हातानं गावंल. हे काय कुणी सांगाय नको." मी म्हणालो, "मग न्हाय म्हणून सांगा." तर म्हणाले, "आनि तो भुकटी चाळाय बसला, तर त्यो जीव न्हवं व्हय?"

तिसऱ्या दिवशी सकाळी ते बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, जाऊन आले. आल्यावर खिशातला गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"धर. आजपासनं गूळ सोडला."

"किती दिवस?"

"येसबाचं इंजन माझ्या कारबेटरवर चालतंय तवर."

मला गंमत वाटली. मी म्हणालो, "मग काळजी नको. म्हयन्यात बिघडंल, तुमी गूळ खायला मोकळं."

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पँट आणखी घट्ट धरली. "माझं काम बिघडत न्हाय," ते म्हणाले. "म्हंजे गूळ सुटला म्हणूनच समज."

एवढा ताठा दुसऱ्या कुणाचा असता तर मी उडवून लावला असता. पण ज्याला आपण उत्तम काम करणार याची खात्री आहे आणि म्हणूनच आपली शिक्षाही जन्माची आहे हे ज्याला माहीत आहे, अशा माणसापुढं काय बोलणार? मी तो गूळ खाल्ला नाही. घरी नेऊन देवापुढं ठेवला.

मग काम सुरू झालं. येसबाचा जुना कार्बोरेटर त्यांनी परत त्याच्या बुट्टीत घातला. "घागर हाय ही," म्हणाले. मोडीतून तीन कार्बोरेटर काढले, आणि त्यांतला सगळ्यात लहान निवडला. तो विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनाचा होता. मला वाटलं, बोटीला हा कसा पुरणार? "बोट पळणार न्हाय," ते म्हणाले. "पळवायची कुणाला हाय?" बसवताना आणखी एक विचार केला. पेट्रोलची छोटी वाटी कार्बोरेटरच्या बाजूला असते. मोटरीत ती कुठंही असली तरी फारसं बिघडत नाही, पण बोट डावी-उजवीकडे डुलते. वाटी बाजूला आली तर प्रत्येक लाटेला पेट्रोल वरखाली होणार. म्हणून त्यांनी ती बोटीच्या लांबीच्या रेषेत येईल असा जोड स्वतः घडवला. नाव या माणसानं आयुष्यात दोनदा पाहिली असेल.

आणि काम मानाचं, म्हणून एक गोष्ट खास केली. शेजारच्या विणकराकडून मागावरून नुकतंच उतरलेलं जाड कोरं कापड आणलं आणि येसबासाठी नवं गाळणं शिवलं. स्वतः वापरत होते ते जुनं, शंभर वेळा धुतलेलं होतं. ते म्हणाले, "परक्याला जुनं देऊ न्हाय."

रेल्वेनं आम्ही धुपदाळला गेलो. इंजिन जमिनीवर ट्यून करून बोटीला चालत नाही, बोटीच्या पंख्याला पाण्याचा भार पाहिजे, म्हणून बोटीत बसणं भाग होतं. अण्णा काठावर उभे राहिले. "गळ, दोर, जाळं, समदं भाईर काढ. मग मी बसतो." येसबानं सगळं काढलं. बोटीच्या फळ्यांना मासळीचा वास होताच, पण अण्णांनी पोतं अंथरलं आणि बसले.

ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मधोमध पाण्यात बोट, येसबा सुकाणूवर, मी उगाच, आणि अण्णा इंजिनावर वाकलेले, दोन बोटांत हवेचा छोटा स्क्रू. पाव फेरा आत. ऐकलं. जरासा बाहेर. ऐकलं. इंजिन हळू झालं, खोकलं. पुन्हा पाव फेरा. "निधान, तायी, निधान," ते कानडीत पुटपुटत होते, म्हणजे सावकाश, माये, सावकाश. इंजिन आणखी हळू झालं. आणखी. प्रत्येक ठोका वेगळा मोजता येईल इतकं, आणि तरी बंद पडेना. पाण्यात बाभळीचं एक पान तरंगत होतं. ते बोटीच्या बाजूनं आमच्यापेक्षा किंचितच मागं पडत राहिलं. येसबानं ते पान बघितलं, डाव्या हातानं सुकाणू धरलं होतं ते सोडून डोळे पुसले. अण्णांचा हात सवयीनं खिशाकडे गेला, रिकाम्या खिशात थांबला आणि परत आला. मला फार वाईट वाटलं.

दोन महिने उत्तम गेले. वकील तर भेटेल त्याला येसबाच्या बोटीचं कौतुक सांगायचे. मग पावसाळा सरला. पाणी बंधाऱ्यावरून पडत होतं, आणि एका रविवारी बंधाऱ्याकडे जाणाऱ्या पाण्याच्या ओढीत वकिलांना घेऊन बोट हळू चालत असताना इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू होईना. बोट ओढीबरोबर निघाली. येसबानं एका हातानं वल्हं मारत, दातांत दोर धरून, बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याला बोट अडकवली. बंधारा हाकेच्या अंतरावर होता. वकील आणि त्यांचा स्नेही अर्धा दिवस तिथं लटकून होते. काठावर उतरल्यावर वकील म्हणाले, "येसबा, तू पेट्रोलात रॉकेल मिसळून पैसे खाल्लेस. या बोटीत आता कोणी बसणार नाही."

येसबा हे सांगायला आला तेव्हा रडत नव्हता, काही नाही. फक्त म्हणाला, "अण्णा, मी मिसळलं न्हाय."

"माझं काम बिघडत न्हाय," अण्णा म्हणाले. "पेट्रोलच खराब असणार. चल, बघू."

काठावर, माझ्यासमोर, हात धुऊन त्यांनी कार्बोरेटर उघडला. वाटी स्वच्छ. मोठा जेट, म्हणजे पेट्रोल यायची भोकाची पुळी, स्वच्छ. मग हळू चालवणारा, केसाएवढ्या भोकाचा छोटा जेट काढून त्यांनी उजेडाकडे धरला. उजेड दिसला नाही. सुईनं हलकेच टोकरलं, आणि त्यातून कापसाचा एक पांढरा तंतू बाहेर आला. भाताच्या तुसाएवढासुद्धा नसेल.

पारिसाण्णा त्या तंतूकडे बघतच राहिले. कोऱ्या कापडाला कोंडा, म्हणजे सुटे तंतू, असतो. चार-सहा धुण्यांत तो निघून जातो. त्यांचं जुनं गाळणं कधीच बिनकोंड्याचं झालं होतं. येसबाला मान म्हणून दिलेलं नवं गाळणं दर गाळणीला दोन तंतू सोडत होतं. कातडं वापरलं असतं, तर हे झालं नसतं. हे त्यांना कळलं, आणि मलाही कळलं.

तिथं आम्ही दोघंच होतो. येसबा बोटीच्या दुसऱ्या टोकाला दोर सोडवत होता. फुंकर मारली असती तर तंतू उडून गेला असता आणि "पेट्रोलात घाण होती" एवढं म्हणून भागलं असतं. मी हळूच म्हणालो, "अण्णा, एक तंतू. सोडा की." आणि माझी खोड जाईना म्हणून पुढं जोडलं, "इंजन तर पडलंच हुतं. नेम संपला. गूळ खा."

"नेम इंजन चालतंय तवर हाय," ते म्हणाले. "ते चालणार हाय." आणि मग हाक मारली, "येसबा, इकडं ये."

तळहातावरचा तंतू त्यांनी त्याच्यापुढं धरला. "हे बघ. हे माझं हाय. तुझं न्हाय, पेट्रोलचं न्हाय. तू मेला असतास तर माझ्या हातानं मेला असतास."

येसबानं तंतूकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि म्हणाला, "एका धाग्यानं बुडतोय व्हय मी? मर्दा, आधी ते साफ करून लावा आत."

आयुष्यात कुणीतरी पारिसाण्णांना मर्दा म्हणालं ते त्या दिवशीच. अण्णा हसले. पण लगेच बोटीत न बसता बेळगावला परत आले आणि तसेच वकिलांच्या बंगल्यावर गेले. मी बरोबर होतोच. चार अशील बसलेले होते, त्यांच्यासमोर म्हणाले, "वकीलसाहेब, येसबानं रॉकेल मिसळलं न्हाय. चूक माझी हाय. माझ्या गाळण्याचा धागा आत अडकलता." त्या तोंडातून 'चूक' हा शब्द बाहेर पडताना मी पहिल्यांदा ऐकला. वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. पण विश्वास कसा बसायचा?"

"पुढच्या रविवारी मी बसतो बोटीत. तुमी बसा. बंधाऱ्याच्या तोंडाशी हळू चालवू."

"गळ टाकायचा तर?"

अण्णांनी क्षणभर डोळे मिटले. "टाका."

नवं गाळणं कशाचं करायचं, हा प्रश्न होता. कातडं नको. वकिलांनी रेशीम सुचवलं. अण्णा म्हणाले, "किडं उकळून काढत्यात ते," आणि त्यांनी विषय बंद केला. शेवटी मोडीतल्या एका मोटरीच्या फिल्टरमधली बारीक पितळी जाळी त्यांनी नरसाळ्यात कथिलाचा डाग देऊन बसवली. पुढं बेळगावातल्या निम्म्या गॅरेजांनी तिची नक्कल केली.

रविवारी बोटीत वकील, येसबा, मी आणि पोत्यावर अण्णा. पाणी बंधाऱ्यावरून पडत होतं, त्याचा आवाज सारखा कानावर. पहिला फेरा झाला. इंजिन ठोका मोजत चाललेलं. दुसरा झाला. वकिलांचा जीव जरा भांड्यात पडला, त्यांनी दोर सोडला. अण्णांनी तिकडं पाठ केली, डोळे मिटले, दोन बोटं स्क्रूवर. तिसऱ्या फेऱ्याला, अगदी ओढीच्या तोंडाशी, दोराला हिसका बसला. मोठी मरळ होती. वकील ओरडले, बोट डुलली, मासा फळ्यांवर येऊन फडफडायला लागला. अण्णांच्या पाठीला लागून. त्या प्रत्येक फडफडीबरोबर अण्णांच्या चेहऱ्यावरची शीर उडत होती. त्या घडीला हात हलला असता, तर इंजिन पडलं असतं. हात हलला नाही. दोन बोटं स्क्रूवर तशीच राहिली, आणि इंजिन, निधान, निधान, आम्हाला ओढीतून काढून काठाला घेऊन आलं.

काठावर उतरल्याबरोबर अण्णा टोपीसकट, कोटासकट पाण्यात उतरले आणि अंघोळ करून वर आले. ऊन अजून बरंच वर होतं, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. येसबाची बोट मात्र चालू झाली ती झालीच. रविवारी जागा मिळायची नाही.

पुढं लढाई आली. पेट्रोलला कूपनं लागली, माझी मोटर कोळशाच्या धुरावर खोकत चालायला लागली, आणि मला कोल्हापूरच्या रस्त्यावर घातलं. येसबाचं इंजिन अण्णांनी रॉकेलवर चालेल असं करून दिलं, एवढं ऐकलं होतं. त्यानंतर चार वर्षं ना अण्णांची भेट, ना धुपदाळची काही खबर.

स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी मी निपाणीच्या स्टँडवर होतो. मोटरीला झेंडूच्या माळा, पुढं झेंडा. साखर रेशनवर, म्हणून बाजारातल्या अडत्यांनी हातगाडीवर गुळाच्या ढेपा फोडून वाटायला घेतल्या होत्या. प्रत्येकाच्या गालात गूळ. त्या गर्दीत पांढरी टोपी दिसली, बिनडागाची. पारिसाण्णा भावाच्या घरी आले होते. वाळले होते, पण पाठ ताठ. मी गुळाचा मोठा खडा घेऊन धावत गेलो आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"आज तरी खावा, अण्णा. देश सुटला."

त्यांनी खडा कपाळाला लावला. नाकाशी नेऊन वास घेतला. बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "देश सुटला. नेम सुटलाय व्हय?"

मला एकदम लख्ख कळलं. "म्हंजे... येसबाचं इंजन अजून चालतंय?"

"न चालायला काय झालं?" पारिसाण्णा म्हणाले. "कारबेटर कुणी लावलाय?"

आणि तो गूळ त्यांनी माझ्या तोंडात घातला.